डावखुरे जोड

तिने चष्मा कपाळावर सरकवला, नाक रोलर कोस्टरच्या चढाला जवळजवळ टेकवलं आणि एका जोडावरून नख फिरवलं. मग त्याच्या वरच्या जोडावरून. मग त्याच्याही वरच्या. दुकानात एखाद्या कोटाची शिवण तपासताना ती टाक्याटाक्यावरून नख न्यायची, अगदी तसंच.

"दोन हात आहेत," ती स्वतःशी म्हणाली.

नवरा न्हाव्याकडे दाढी करायला गेला होता. हीसुद्धा एक गोष्टच होती. ज्या माणसाने जन्मभर घरच्या आरशापुढे, हनुवटी कापून घेत का होईना, आपली दाढी आपण केली, तो हल्ली एक दिवसाआड न्हाव्याकडे जाऊ लागला होता. येताना गुळगुळीत गाल आणि कसल्याशा सुगंधी पाण्याचा वास घेऊन यायचा. विचारलं तर म्हणायचा, "निवृत्त माणसाने एवढीही चैन करू नये का?" करावी की. पण चैन कधी एकटी येत नाही, असं तिचं आपलं मत होतं.

समोरच्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातल्या तुकड्यांचा डोंगर उभा होता. निळ्या दांड्या, पिवळ्या दांड्या, त्यांना धरून ठेवणारे चकतीसारखे दातेरी जोड, आणि या सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत खाली येणारा काळा रूळ. गाडी सगळ्यात उंच टोकावर ठेवायची, की ती आपल्याच वजनाने सुटायची, मध्ये एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि खालच्या फलाटावर येऊन थांबायची. नवऱ्याने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. गल्लीत त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. "जन्मभर लोकांना सरळ वर आणि सरळ खाली नेलं," तो सांगायचा, "आता जरा वाकडंतिकडं नेऊ दे."

त्यामुळे कोस्टर घरात नवा नव्हता. दरवर्षी मॉडेल मंडळाच्या प्रदर्शनासाठी तो एक उभारायचा, आणि त्याचं काम ती ओळखून होती. तो जोड डाव्या हातात धरायचा आणि उजव्या अंगठ्याने दांडी अशी दाबायचा की प्लॅस्टिकवर पांढरा ओरखडा उठायचा. काम पक्कं, पण राकट. खालचे सगळे जोड तसेच होते, उजव्या अंगाने दाबलेले, ओरखडलेले. अर्ध्या चढाच्या वर मात्र सगळं बदललं होतं. तिथले जोड डाव्या अंगाने बसवलेले होते आणि एकावरही ओरखडा नव्हता. बारीक, हलकी, संयमाची बोटं. अशी बोटं तिच्या मते बाईचीच असतात.

आणि कालच तो तिला म्हणाला होता, "या वेळचा सगळा एकट्याने केलाय हं."

खुर्ची मागे सारताना तिला टेबलाखाली काहीतरी चमकताना दिसलं. पेपरमिंटच्या गोळीचा कागद होता. नवऱ्याला पेपरमिंट वर्ज्य. खाल्लं की त्याला शिंका यायच्या. आणि खोलीत खुर्च्या दोन होत्या. दुसरी इथे कधी आली, हे तिला आठवेना.

कागद तिने मुठीत चुरगळला आणि पुन्हा सरळ केला. पुरावा म्हणून ठेवावा की काय, असं वाटलं. मग तिला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं संसार करून आपण गोळ्यांचे कागद जमवायला लागलो, हे काही बरं लक्षण नव्हतं.

*

कपडे दुरुस्तीचं दुकान दोघी बहिणींचं होतं. थोरली गिऱ्हाइकांशी बोलायची, ही मशीनवर बसायची. थोरलीला जगातल्या सगळ्या नवऱ्यांची माहिती होती, स्वतःचा लवकर गेला असला तरी. की म्हणूनच, कोण जाणे.

"सांग परत," ताई म्हणाली. "पहिल्यापासून."

तिने सांगितलं. शर्ट सोडून दिले आणि बिनबटणांचे टी-शर्ट घालायला लागला. नाडीचे बूट जाऊन नुसते पाय सरकवायचे बूट आले. घड्याळाचा चामड्याचा पट्टा काढून चकचकीत ताणायचा पट्टा बसवून आणला. दुपारी कोस्टरच्या खोलीचं दार बंद असतं. तिच्याबरोबर जेवायला बसत नाही, "तू घे, मी मागून जेवतो" म्हणतो. आणि चहा अर्धा कप.

"अर्धाच?"

"अर्धाच. ओतायला लागले की हात आडवा करतो. बस म्हणतो."

"म्हणजे उरलेला अर्धा दुसरीकडे पिऊन झालेला असतो," ताईने निकाल दिला. "अगं, म्हातारचळ तो. टी-शर्ट काय, चकचकीत पट्टा काय! साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही."

"ताई, हळू. बाहेर गिऱ्हाईक आहे."

"असू दे. तिलाही उपयोगी पडेल."

तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. कारण एक गोष्ट तिने ताईला सांगितली नव्हती. तिच्या गळ्यातल्या माळेचा फासा मागे मानेवर होता, नखाएवढा बारीक. लग्न झाल्यापासून कुठे बाहेर जायचं असलं की तो फासा नवराच लावायचा. त्याच्या जाड बोटांना तो कसा सापडायचा देव जाणे, पण सापडायचा, आणि लावून झाला की तो मानेवर एक टिचकी मारायचा. परवा ती माळ घेऊन त्याच्यापुढे पाठमोरी उभी राहिली. मानेवर बोटं आली नाहीत म्हणून ती वळली. तो उजवा हात खिशात घालून म्हणाला, "ताईकडून लावून घे ना. मला आता दिसत नाही नीट."

दिसत नाही! आणि जोड मात्र केसाच्या अंतराने बसवता येतात. माळ तिने परत डबीत ठेवून दिली होती.

"आणि मेलं ते खेळणं," ताई म्हणाली, "ते खरंच तोच करतो का?"

"खालचं तो करतो," ती म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं. "वरचं दुसरं कोणीतरी."

*

रात्री एकटीच जेवता जेवता तिने समोर बसलेल्या नवऱ्याला सरळच विचारलं.

"दिवसा कोणी येतं का घरी?"

"कोण येणार?" नवरा वर्तमानपत्र वाचत होता. हल्ली तो ते हातात धरत नसे, टेबलावर पसरून वर ओणवा होत असे. "मंडळाचे सगळे आपापल्या कामात. रविवारी प्रदर्शन."

"कोणाची मदत घेतली असली तर काय बिघडलं? घ्यावी माणसाने."

"मदत कशाला? एकट्याने केलाय म्हटलं ना."

"चिमटाही असेल ना यंदा?"

चिमटा म्हणजे शेजारच्या रस्त्यावरचा घड्याळजी. कोस्टरचे तुकडे तो चिमट्याने उचलून बसवायचा, म्हणून नवऱ्याने त्याला हे नाव ठेवलं होतं. मंडळाचा एक दंडक होता. प्रदर्शनात कोस्टर बनवणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्या माणसानेच गाडी सोडायची. टोकावर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. ढकलली तर खेळ बाद. काही वर्षांपूर्वी भर सभागृहात चिमटा उभा राहून म्हणाला होता, "बोट लावलं. मी पाहिलं." नवऱ्याने लावलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. नवरा घड्याळ बंद पडलं तर तसंच वापरायचा, पण त्या दुकानाची पायरी चढायचा नाही.

एरवी चिमट्याचं नाव काढलं की नवरा अर्धा तास थांबत नसे. आज तो नुसता "असेल," म्हणाला आणि पान उलटायला गेला. पान उलटलं नाही. त्याने ते तसंच राहू दिलं आणि तेच पान पुन्हा वाचू लागला.

ती बघत होती त्याच्या चेहऱ्याकडे. कुठे डोळा चुकवतो, कुठे ओठ हलतो. चेहऱ्यावरून तिने नजर काढली नाही, म्हणून टेबलाच्या कडेवर काय चाललं होतं ते तिला दिसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मशीनवर झाकण टाकलं.

"डोकं दुखतंय. घरी जाते."

"जा," ताई म्हणाली. "आणि हे बघ, एकदम आरडाओरडा करू नकोस. आधी नीट बघून घे ती कशी आहे."

जिन्यात तिने चपला हातात घेतल्या. आपल्याच घरी आपण चोरासारखे जातोय याची लाज वाटली, पण पाय थांबले नाहीत. किल्ली कुलपात फिरवताना तिने दार खांद्याने वर उचलून धरलं. नाहीतर बिजागरी कुरकुरते हे तिला ठाऊक होतं. कोस्टरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"डावीकडे. अजून डावीकडे."

"डावी बाजू कुठली ते मला सांगू नका. मी डावखुराच जन्मलोय."

"मग दाबा. दोनदा टक् वाजलं पाहिजे."

"एकदाच वाजायला हवं. तुम्ही जोर लावता म्हणून दोनदा वाजतं. दुसरं टक् म्हणजे जोड चिरल्याचं."

तो दुसरा आवाज बाईचा नव्हता. किंचित घोगरा, गालात गोळी धरून बोलल्यासारखा. पेपरमिंटची गोळी. मंडळाच्या सभागृहात "मी पाहिलं" म्हणणारा तोच आवाज.

फटीतून तिला टेबलाचा कोपरा दिसला. चिमटा चढाच्या टोकावर वाकून शेवटची दांडी बसवत होता. डाव्या हाताने. नवरा पलीकडे उभा होता.

"झालं," चिमटा म्हणाला. "आता सोडून बघा."

नवऱ्याने खिशातून उजवा हात काढला.

तिला तो आधी ओळखूच आला नाही. गाडी चिमटीत धरली होती आणि हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नव्हे, खोडकर मुलाने कोपर धरून हलवावं तसा. गाडीची चाकं रुळाला लागत होती आणि निसटत होती, टकटक, टकटक, आणि सगळा डोंगर बारीक थडथडत होता. नवऱ्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. दोन्ही हात थरथरू लागले.

चिमटा खिडकीकडे वळून उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर नुसती भिंत होती. तरी तो बघत राहिला.

"वारा आहे," तो म्हणाला. "रूळ हलतोय वाऱ्याने."

खिडकी बंद होती.

गाडी शेवटी टोकावर बसली, पण हात काढताना तिला धक्का लागला. ती तिरकी उतरली, गिरकीपाशी रुळावरून उडाली आणि खाली पडून टेबलाखाली गेली. दोघांपैकी कोणी ती उचलायला वाकलं नाही.

"बोट लागलं," नवरा म्हणाला.

"मी पाहिलं नाही," चिमटा म्हणाला.

मग चिमट्याने खुर्ची ओढली.

"वहिनींना सांगून टाका."

"नको."

"रविवारी सगळ्यांसमोर हे दिसणारच आहे."

"रविवारचं रविवारी बघू. पट्टा बसवायला तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही न विचारता ओळखलंत. ते एक बरं झालं, मला तोंड उघडावं लागलं नाही. डॉक्टर म्हणतो, वयाची थरथर आहे, जिवाला काही होत नाही. पण हिला कळलं ना, तर त्या दिवसापासून चमचा घेऊन माझ्या शेजारी बसेल. माझी बटणं लावेल, मला भरवेल. सगळं प्रेमानेच करेल हो. पण आजवर मी तिच्या माळेचा फासा लावत आलोय."



ती आल्या पावली मागे फिरली. दार तसंच उचलून धरून बाहेरून ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसली. पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. बाई नव्हती. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की तिने पदराआड नव्हे, चक्क चपलांआड तोंड लपवलं. चपला अजून हातातच होत्या. टी-शर्ट, बूट, पट्टा, दाढी, अर्धा कप. सगळं तिने पाहिलं होतं आणि सगळ्याची चुकीची बेरीज केली होती. लोकांच्या शिवणी उसवून कोणाचा हात कसा चालतो ते सांगणारी बाई, आणि आपल्या माणसाचा हात एवढ्या दिवसांत एकदाही पाहिला नाही! मग तिला भीती वाटली, आणि मग रडू आलं, आणि रडून झाल्यावर तिने चपला पायात घातल्या.

उठून ती दारापुढे उभी राहिली. किल्ली पर्समध्ये टाकली आणि घंटी वाजवली.

आत खुर्च्या सरकल्या. कुजबुज झाली. काहीतरी पडलं. बऱ्याच वेळाने नवऱ्याने दार उघडलं. उजवा हात खिशात होता.

"किल्ली?"

"दुकानात विसरले. डोकं दुखतंय, तोंड धुऊन पडते जरा." आणि कोस्टरच्या खोलीकडे न बघता ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याच्या आवाजातही बाहेरचं दार हलकेच लागल्याचं तिला ऐकू आलं. बिजागरी कुरकुरली. चिमट्याला ती युक्ती माहीत नव्हती.

*

"मग? सापडली?" ताईने दुकान उघडता उघडता विचारलं.

"सापडलं."

"कोण?"

"घड्याळजी."

ताईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिला गप्प बसलेलं पाहायची संधी क्वचितच मिळायची, पण आज त्यात मजा वाटली नाही.

"टिचबटणांचा डबा कुठे आहे?" तिने विचारलं.

तिने पिशवीतून नवऱ्याचा पांढरा शर्ट काढला. प्रदर्शनाचा, कित्येक महिने कपाटात टांगून राहिलेला. एकेक बटण उसवलं आणि परत शिवलं, पण या खेपेला काजाच्या वर, दोन्ही पदर बंद असल्यासारखं दिसेल असं. आतल्या बाजूला टिचबटणं बसवली, बोटाने नुसतं दाबलं की लागणारी. मनगटांनाही तशीच. बाहेरून बघणाऱ्याला साधा बटणांचा शर्ट. ताई शेजारी उभी राहून बघत होती. मध्येच तिला काय ते कळलं असावं, कारण तिने पुढे होऊन निमूटपणे सुईत दोरा ओवून दिला.

त्या आठवड्यात ती रोज घंटी वाजवून घरात गेली. नवऱ्याने एकदा विचारलं, "किल्ली सापडली नाही का अजून?"

"सापडेल," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

*

रविवारी सकाळी शर्ट तिने त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग टिच्. थोड्या वेळाने पुन्हा टिच्. तिने गॅस बारीक केला आणि मोजायचं नाही असं ठरवलं.

तो बाहेर आला. शर्ट गळ्यापर्यंत बंद होता. तो टेबलाशी बसला आणि मान वाकवून शर्टाच्या कडेकडे पाहत राहिला.

"हे कोणी केलं?"

"दुकानात झालं."

"टाका तुझा आहे."

"मग कोणाचा असणार?"

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचा आवाज लांब जाईपर्यंत दोघं बसून राहिले.

"पाटीवर दोन नावं लिहायची म्हणतोय," तो म्हणाला. "वरचं सगळं मी नाही केलेलं."

"हं. वरचे जोड डावखुरे आहेत."

त्याने झटकन तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला, तिच्यासमोर. हात टेबलावर थरथरत होता आणि बशीतला चमचा किणकिणत होता. तिच्या बोटांना तो हात धरावासा वाटला. तिने ती मांडीवरच ठेवली.

"आज गाडी तू सोडशील?" तो म्हणाला. "घरचं माणूस चालतं."

"मला कुठे येतं त्यातलं?"

"येतं. टोकावर ठेवायची आणि हात काढून घ्यायचा. एवढंच. ढकलायची नाही."

"नाही ढकलणार," ती म्हणाली.

तिने किटली उचलली, त्याच्या कपात नेहमीसारखा अर्धा चहा ओतला आणि थांबली. त्याने हात आडवा केला नाही.

"पूर्ण भर," तो म्हणाला.

"सांडेल."

"सांडू दे."

तिने कप काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर ठेवून दिला.